साखळीचं कुलूप

ह्यांना मुदतीचा ताप आला त्या वर्षी आम्ही सोलापुरात साखर पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. घरात तीनच माणसं. हे, सासूबाई आणि मी. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण दिवसाउजेडी मी ह्यांच्याशी कधी चार वाक्यं सलग बोलले नव्हते. तशी रीतच नव्हती. सासूबाई समोर असल्या की मी भांड्यांशी बोलल्यासारखं बोलायची, "पाणी तापलंय," आणि हे भिंतीशी बोलल्यासारखं म्हणायचे, "येतो."

शिवाय हे घरी असायचेच कुठं? लोकल बोर्डात ह्यांची देवी टोचायची नोकरी होती. काचेच्या बारीक नळ्यांतली लस ओल्या फडक्यात गुंडाळून घ्यायची, सायकलीवरून गावोगाव आणि वाड्यावस्त्यांवर जायचं, पोरांच्या दंडावर टोचायचं, आठवड्यानं परत जाऊन टोचलेलं धरलं की नाही ते पाहायचं. दिवाळी झाली की हे निघायचे ते शिमग्यापर्यंत महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्या वर्षी माघातच तापानं फणफणून परत आले. सांगोल्याकडच्या एका विहिरीचं पाणी बाधलं असं सासूबाईंचं म्हणणं. डॉक्टरांनी नाडी धरली, जीभ पाहिली आणि सांगितलं की हा ताप आपली मुदत घेऊनच उतरेल, पाण्याशिवाय आणि फळांच्या रसाशिवाय पोटात काही जाऊ देऊ नका.

सदतीस दिवसांनी, चैत्र लागता लागता, ताप उतरला. खाटेवर जे उरलं होतं ते फार थोडं होतं. डोळे मोठे झाले होते, केस गळाले होते, हाताची बोटं लांब दिसायला लागली होती. उठून बसवलं तरी पाच मिनिटांत मान कलायची. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर खाटेवरून हलायचं नाही, आतडी कागदासारखी झालीत.

बाहेरच्या खोलीतच ह्यांची खाट होती आणि पायथ्याशी भिंतीला टेकून सायकल. ती तिथून हलवायची नाही असं ह्यांनी तापातही सांगितलं होतं. कौलांत एक काच बसवलेली होती. तिच्यातून दुपारी उन्हाचा एक चौकोन खाली यायचा, जमिनीवरून सरकत सरकत सायकलीवर चढायचा आणि चाकाच्या तारांची सावली भिंतीवर मोठी होऊन पडायची. हे तासन्‌तास ती सावली पाहत पडायचे. शेजारी मागावरचं काम चालू असायचं. आमच्या भिंतीपलीकडं तेलुगू विणकरांचं घर होतं आणि दिवसभर धोट्याचा खटक-खटक आवाज यायचा. इतका सारखा, की तो थांबला तरच जाग यायची. दुपारी सासूबाई जेवून उंबऱ्याशी डोळा लावायच्या, गल्लीत उन्हानं माणूस नसायचं, आणि मला वाटायचं की सगळी पेठच पाण्याखाली गेलीय आणि आम्ही तळाशी बसून वरचा उजेड पाहतोय.

अशाच एका दुपारी हे खाटेवरून म्हणाले, "अगं, ट्रंकेत खाली कागदात गुंडाळलेली साखळी आहे. काढतेस?"

मी उंबऱ्याकडं पाहिलं. सासूबाई झोपल्या होत्या. मी ट्रंक उघडून पुडकं काढलं. तेलकट कागदातून सायकलीची नवी साखळी निघाली, काळसर निळी, हातात धरली की सापासारखी घरंगळणारी. तिच्याबरोबर कागदाच्या घडीत तिची टोकं जोडायची कडी होती. त्या कडीवर बसवायची एक पातळ पोलादी पत्री, शेंगदाण्याएवढी, मासोळीच्या आकाराची. तिला कुलूप म्हणायचं, ह्यांनी सांगितलं. साखळीची दोन टोकं कडीनं जुळवायची आणि ती सुटू नयेत म्हणून वर हे कुलूप सरकवायचं.

"आजारी पडायच्या आधी आणली होती," हे म्हणाले. "बसवायची राहिली. जुनी पार गेलीय. तुला जमेल का बघ."

"मला?"

"मी सांगतो. तू कर."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा सायकलीला हात लावला. ती उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीला टेकवून, चाकं वर. जुन्या साखळीचं कुलूप केव्हाच तुटून पडलं होतं. त्या जागी ह्यांनी तारेचा पीळ घातला होता आणि त्यावर दोन वर्षं फिरले होते. तो पीळ मी पकडीनं उलगडला. साखळी सुटून माझ्या मांडीवर पडली आणि लुगड्यावर काळा पट्टा उमटला, जो नंतर कधी निघाला नाही.

"आता दोन्ही एका खिळ्याला लटकव," हे म्हणाले.

मी भिंतीवरच्या खिळ्याला दोन्ही साखळ्या शेजारी शेजारी लटकवल्या. कड्या दोन्हींच्या सारख्याच होत्या, पण जुनी साखळी नवीपेक्षा चांगली दोन बोटं खाली आली.

"लांबली कशी? लोखंड ओढून वाढतं का?"

"लोखंड नाही वाढत. प्रत्येक कडीतली पिन थोडी थोडी झिजते. एकेका कडीला केसाएवढी ढिलाई. शंभर कड्यांची मिळून ती एवढी होते." हे बोलता बोलता थांबले. धाप लागली होती. मी पाणी दिलं. पाणी पिऊन डोळे मिटून म्हणाले, "तापात मी रोज सायकलच चालवत होतो. रस्ता खालून वाहत जायचा आणि मी जागच्या जागी. कुठल्याही वाडीला पोचायचोच नाही. पायडल मारतोय, मारतोय, आणि कडेला तेच एक लिंबाचं झाड."

मी विचारलं, "मग?"

"मग तू कपाळावर पट्टी बदलायचीस आणि झाड जायचं."

एवढं दिवसाउजेडी कुणी मला कधी सांगितलं नव्हतं. मी मान खाली घालून साखळीच पुसत राहिले. उंबऱ्याशी सासूबाई जाग्या झाल्या होत्या. त्या माझ्याकडं आणि सायकलीकडं बघत होत्या. त्यांनी पदर नीट केला, तो जरा जोरात.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, दोन्ही गालांवर आणि कपाळावर. त्या मंगळवेढ्याकडच्या एका कोरडवाहू गावच्या. नवरा लवकर गेला आणि एकुलत्या एका मुलाला शिकवायला म्हणून सोलापुरात येऊन त्यांनी गिरणीत रिळांवर काम केलं होतं. हे नोकरीला लागले तेव्हा गिरणी सुटली. मुलाची नोकरी त्यांना आवडत होती, पण सायकल नाही. सायकल दाराबाहेर गेली की मुलगा गेला, एवढंच त्यांचं गणित होतं.

त्या दिवसापासून दुपारचं ते काम आमचं झालं. मी आधी घासलेटच्या फडक्यानं सगळं पुसून घेतलं. दातांत अडकलेला काळा गाळ काडीनं कोरून काढला. त्यात तिकडच्या रानातली पांढरी माती होती, कुसळं होती, एक वाळलेला किडा होता. हे खाटेवरून विचारायचे, "काय निघालं?" आणि मी एकेक दाखवायची. कुसळ पाहून हे सांगायचे की ते अमुक माळावरचं, तिथं मेंढरं बसतात, तिथलं पाणी मचूळ आहे पण माणसं गोड आहेत. मी त्या वाड्या पाहिल्या नव्हत्या. पण त्या दुपारी त्या सगळ्या आमच्या खोलीत येऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी नवी साखळी चढवली. कडी घातली, मासोळी सरकवली. पायडल हातानं फिरवलं तर चाक सुरेख फिरलं, आवाज नाही. ह्यांचा चेहरा उजळला. मग म्हणाले, "आता एका हातानं मागचं चाक घट्ट धर आणि दुसऱ्या हातानं पायडल दाब."

मी दाबलं. कट्‌कन् आवाज झाला आणि साखळी एका दातावरून उडी मारून पुढच्या दातावर बसली. परत दाबलं, परत कट्.

"मागच्या चक्रीचे दात बघ. कसे दिसतात?"

मी वाकून पाहिलं. "वाघनखासारखे. सगळे एकाच बाजूला वाकलेत."

हे उशीवर मागं टेकले. "मग तिचंही संपलं. जुन्या साखळीबरोबर चक्रीही झिजत गेली. लांबलेल्या साखळीला ती चालत होती, नव्या साखळीला नाही चालणार. ही चक्री, फ्रीव्हील म्हणतात तिला, नवीच टाकायला पाहिजे."

मी म्हटलं, "मी काढते." इतकं सगळं जमलं होतं, म्हणून मला थोडा ताठा आला होता. साखळी परत उतरवून, कडी आणि कुलूप एका ताटलीत ठेवून, मी मागचं चाक काढलं आणि ते मांडीवर घेऊन बसले. फ्रीव्हीलच्या तोंडावर एक गोल पाटी होती, तिला दोन भोकं. हे नको म्हणत असताना मी भोकात खिळा धरून वर हातोडी मारली. पाटी हलली. मी आणखी मारली. पाटी निघाली आणि तिच्या मागोमाग मोहरीएवढे पोलादी छर्रे झरझर बाहेर पडले, ताटलीत, जमिनीवर, खाटेखाली, चहूकडं. कौलातून आलेल्या उन्हात ते सगळे चमकत घरंगळत गेले. काही उंबऱ्याशी सासूबाईंनी निवडायला घेतलेल्या ज्वारीत शिरले.

मी रडायच्या बेतात आले होते. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. हे हसत होते. पोट धरून, कारण पोटाला सोसत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ताप आल्यापासून पहिल्यांदा हसले. भिंतीपलीकडचा माग थांबला आणि शेजारीण धावत आली. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, दंडाला बळकट, मला वदिना म्हणायची, म्हणजे वहिनी.

"एमैंदी, वदिना? काय झालं?"

"काय न्हाय," सासूबाई सुपातून छर्रा उचलून उन्हात धरत म्हणाल्या. "माजं पोरगं हसाय लागलंय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. आम्ही तिघी जमिनीवर बसून छर्रे वेचत राहिलो. चक्री तशीही फेकायचीच होती, छर्रे वेचून काही उपयोग नव्हता, हे ह्यांनी दोनदा सांगितलं. तरी आम्ही वेचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शेजारीण ते चाक घेऊन सायकलच्या दुकानात गेलो. पेठेच्या टोकाला एक म्हातारे मुसलमान मिस्त्री बसायचे. दोन बायका चाक उचलून आणताहेत हे पाहून त्यांनी तोंडातला विडा बाजूला सारला. चाक हातात घेऊन अंगठा दातांवरून फिरवला आणि म्हणाले, "नवी चेन पुराने दातों पे नक्को डालो, माँ. कूदती. साब को बोलो, दोनों एक साथ बदलना."

उघडी पडलेली चक्री पाहून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ये कौन खोल्या?"

"मीच," मी म्हटलं.

मग चाक शिकंज्यात धरून राहिलेला भाग कसा काढायचा, नवी चक्री पहिले दोन आटे हातानंच कशी बसवायची, हे त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. आटे चुकले तर चाकाच्या मधला तुंबा, ज्यावर चक्री बसते तो, जन्माचा जातो, म्हणाले. घाई नक्को. पायडलपाशी असतं त्या मोठ्या दातेरी चाकाचं मी विचारलं, तर म्हणाले, ते सोडवून उलटं बसवा. त्याचे दात एका अंगानं झिजलेत, उलटं केलं की दुसरं अंग कामाला येतं.

दुपारभर आम्ही तेच केलं. पायडलचा दांडा आसाला एका तिरप्या पिनेनं ठोकून बसवलेला असतो. शेजारणीनं सायकल धरली, मी लाकडाचा ठोकळा लावून हातोडीनं पिन काढली, दांडा उतरवला, दातेरी चाकाचे स्क्रू सोडवून ते उलटं फिरवून परत बसवलं. हे बसते झाले होते. खाटेच्या कडेला हात टेकून बघत होते आणि मधूनच म्हणत होते, "सावकाश. सरळ मार." घामानं माझं कुंकू ओघळलं होतं. सगळं झालं. साखळी चढवली, टोकं जुळवली, कडी घातली. मग कुलूप घ्यायला ताटलीकडं हात केला तर ताटलीत ते नव्हतं.

आम्ही सगळी खोली पालथी घातली. खाटेखाली पाहिलं, केरात पाहिलं, ज्वारी पुन्हा एकदा सुपात घेतली. सासूबाईही शोधत होत्या, वाकून, कोपऱ्याकोपऱ्यात. संध्याकाळ झाली. हे म्हणाले, "राहू दे. मिस्त्रीकडं एखादं सुटं असेल."

दोन दिवसांनी सासूबाईंनी दळताना मला सांगितलं, "सूनबाई, माजी चंची दे गं हिकडं." ती पानसुपारीची कापडी चंची मी खुंटीवरून काढली. कप्प्यांतून सुपारी खाली सांडू नये म्हणून तळाशी धरली, तर बोटांना काहीतरी कडक, चपटं लागलं. मी कापडावरून चाचपलं. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला दुभंगलेली शेपटी. मासोळी.

मी चंची त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी जात्याचा खुंटा धरला आणि दळायला लागले. त्याही दुसऱ्या बाजूनं ओढायला लागल्या. बराच वेळ नुसती घरघर.

मला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. साखळी जोडली गेली असती तर ह्यांनी उठून गल्लीत एक चक्कर मारली असती, मग दोन, मग एक दिवस पिशवी भरली असती. मला ती दुपार हवी होती. भिंतीवरच्या तारांच्या सावल्या, धोट्याचा आवाज, आणि खाटेवरून हळू हळू येणारं ते बोलणं. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "मिस्त्रीकडं गेली होतीस?"

"दुकान बंद आहे," मी म्हटलं. "ते लग्नाला गेलेत म्हणे. गुलबर्ग्याला."

सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी काटकी आत सारली.

तो आठवडा मला आजही नीट मोजता येत नाही. कधी वाटतं आठच दिवस होते, कधी वाटतं सगळा उन्हाळा होता. काम उरलं नव्हतं, तरी दुपारी मी सायकलीपाशी बसायची. तारा पुसायची. हे मला पाटीवर गावांची नावं काढून दाखवायचे आणि मी वाचायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण लग्नानंतर अक्षराशी संबंध आला नव्हता. कधी कधी दोघंही बोलत नसू. ह्यांच्या बोटांत परत मांस भरत होतं. भाताची पेज जाऊन मऊ भात आला, मग भाकरीचा पापुद्रा. सासूबाई आता दुपारी शेजारणीकडं मागापाशी जाऊन बसायला लागल्या होत्या. आम्हा दोघींत त्या कुलपाबद्दल एक शब्द झाला नाही. पण भाकरी वाढताना त्या मला आधी वाढायला लागल्या.

मग एका सकाळी दारात एक धनगर येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. त्याच्या मागं पाच-सहा वर्षांची एक मुलगी त्याचं धोतर धरून उभी. हे खाटेवर गाढ झोपले होते.

"देवीचं सायब हितं ऱ्हात्यात का?" त्यानं विचारलं.

सासूबाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. "हितंच. पर आजारी हाय त्यो. काय काम?"

"आमी सांगोल्याकडलं. आमच्या वस्तीवर देवी आल्यात. थोरल्या भावाचं पोरगं गेलं परवा. आजून एक पडलंय." तो खाली मान घालून बोलत होता, जणू अपराध त्याचाच होता. "सायब माघात येतो म्हनलं हुतं. आमी पोरं धरून वाट बघितली, त्ये आलंच न्हाईत. बोर्डात गेलो तर म्हनले, त्यो आजारी हाय आन् बदलीचा मानूस अकलूजकडं गेलाय. मग पत्ता इचारत आलो."

"किती पोरं हायत वस्तीवर?"

"न्हान-मोठी धरून इसाच्या वर. ही माजी. हिला आदीच बाहीर काडली म्हून संगं आनली."

मी आतल्या दारात उभी होते. त्या वेळी सासूबाईंनी ‘त्यो उठल्यावर सांगते’ म्हणून त्याला वाटेला लावलं असतं तर मी काही बोलले असते का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी त्या मुलीला जवळ घेतलं, तिच्या दंडावरची बाही वर करून पाहिली. दंड कोरा होता. मग मला म्हणाल्या, "ह्यास्नी भाकरी-चटनी दे. ताक दे."

ते दोघं जेवायला बसल्यावर त्या आत आल्या. चंचीची नाडी सोडली, तळातून ती मासोळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. तिला सुपारीची भुकटी लागली होती.

"मी सात वर्साची हुते," त्या हळूच म्हणाल्या. "माज्या संगं दोन भाऊबी पडलं हुतं. मी तेवडी उटले." मग थोडं थांबून म्हणाल्या, "बसव जा. मिस्त्री आला म्हून सांग."

ह्यांना उठवून मी वस्तीचं सांगितलं. ऐकताना ह्यांचा चेहरा बदलत गेला. "मी येतो म्हणालो होतो तिथं," एवढंच म्हणाले आणि पाय खाली सोडले. मी साखळीपाशी बसले. कडी दाबली, वर तिची पट्टी घातली, कुलूप खाचेत धरलं. बंद तोंड साखळी जाते त्या दिशेला, दुभंगलेलं मागं, हे मला पाठ होतं. अंगठ्यानं रेटलं. टक् करून बसलं.

"मिस्त्री गुलबर्ग्याहून आला वाटतं," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं."

मी वर पाहिलं. ह्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं, पण राग तर मुळीच नव्हता. मग एकदम मला ते लक्षात आलं. जुन्या साखळीवर तारेचा पीळ घालून हे दोन वर्षं फिरले होते. ती तार खिडकीत पडलेली होती. गेल्या आठवड्यात ह्यांनी एकदाही तारेचं नाव काढलं नव्हतं.

डॉक्टर रागावले. पण वस्तीचं ऐकून त्यांनीच चिठ्ठी दिली आणि दवाखान्यातून लस मिळाली. उन्हाळ्यात ती लवकर जाते, म्हणून नळ्या ओल्या फडक्यात, फडकं मडक्यात, मडक्याभोवती ओलं पोतं असा जामानिमा झाला. सायकल गल्लीत नेऊन ह्यांनी एकदा टांग मारून पाहिली. पाय थरथरत होते. कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले, तोंड पांढरं पडलं होतं, पण साखळीचा आवाज नव्हता. धनगर म्हणाला, "सायब, गाडीतनं उतरल्यावर मी सायकल ढकलतो, तुमी नुसतं बसा." संध्याकाळच्या गाडीनं ते तिघं गेले. कुर्डुवाडीला गाडी बदलून सांगोल्याला, तिथून पुढं माळ. सासूबाई ठेसनापर्यंत आल्या होत्या. गाडी सुटताना त्यांनी त्या मुलीच्या हातात शेंगदाण्याचा लाडू दिला.

नवव्या दिवशी कार्ड आलं. अक्षर मोठं आणि सुटं काढलं होतं, मला वाचता यावं म्हणून. पडलेलं दुसरं पोर हे पोचायच्या आधीच गेलं होतं. बाकीच्या सगळ्यांना टोचलं. शेजारच्या दोन वाड्यांनाही. खाली लिहिलं होतं की आधी सायकलीचा खडखडाट लांबून ऐकूनच तिकडच्या बायका टोचण्याच्या भीतीनं पोरं कणगीत लपवायच्या, आता साखळी मुकी झाल्यामुळं मी दारात येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं.

तीन आठवड्यांनी हे परत आले, उन्हानं काळे होऊन. पुढं पावसाळाभर घरीच होते. आम्ही दिवसा बोलायचो. पहिल्या काही दिवसांत सासूबाई उठून शेजारणीकडं जायच्या, नंतर उठेनाशा झाल्या आणि मधूनच आमच्या बोलण्यात स्वतःचं काहीतरी घालायच्या. गेलेलं ते दुसरं पोर कुणाचं होतं, त्याचं नाव काय, हे मी ह्यांना एकदा विचारलं. ह्यांनी नाव सांगितलं. मी मिस्त्रीचं खोटं बोलले नसते तर आठ दिवस आधी जाता आलं असतं का, हेही विचारलं. "पाय चालले नसते," हे म्हणाले. ते खरं होतं की माझ्यासाठी म्हटलं होतं, ते मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. ते नाव मात्र मी विसरले नाही.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. सहा महिन्यांची झाल्यावर ह्यांनी तिला स्वतः टोचलं. हजारो पोरांना टोचलेलं, तरी त्या दिवशी दोनदा सुई खाली ठेवून धोतराला तळवा पुसला. पोरगी सासूबाईंच्या मांडीवर होती, दंड उघडा करून. त्यांनी तिचा चेहरा आपल्या छातीशी वळवून धरला होता आणि स्वतः दाराबाहेर पाहत होत्या. पोरगी जोरात रडली. शेजारचा माग थांबला. सासूबाईंनी दंडाकडं नजर वळवली, चार बारीक लाल टिपके मोजले, आणि म्हणाल्या, "झालं व्हय? मग दे हिकडं तेल, माखते हिला."